उसनवार

किल्ली दुकानात असते, गल्ल्यामागच्या खिळ्याला,
बॅटरीचे सेल आणि गोठलेले पाव यांच्यामधे.
ज्याला म्युझियम बघायचंय त्यानं मागून घ्यावी,
नाहीतर मला हाक मारावी.
मी समोरच राहते, पिवळ्या घरात,
कुत्री बांधलेली आहेत तिथं.

वर्षातून दोनदा बोट येते.
तेव्हा मी उंबऱ्यावरचा बर्फ खरवडते, हीटर लावते,
आणि तीस-चाळीस माणसं लाल जाकिटांत
धापा टाकत चढून येतात,
जणू आम्हीच मुद्दाम टेकडीवर जाऊन बसलो.

दोन खोल्या. पूर्वी इथं दाई राहायची.
ती कयाक टांगलीय ना, बरोबर तिच्याखाली
माझा जन्म झाला.
हे पाटीवर नाही.
पाट्या डेन्मार्कहून छापून आल्या.
'चरबीचा दिवा. काळ अज्ञात.'
अज्ञात कसला? बेनिग्नाआत्याचा दिवा तो.
कडेचा टवका माझ्या भावानं उडवला,
मार खाल्ला होता त्यानं त्यासाठी.

आणि खरं सांगायचं तर
हिवाळ्यात लोक वस्तू नेतात.
कुणाची सुई मोडते,
कुणाला कातडं खरवडायला जुनंच पातं लागतं.
नेतात, चिठ्ठी ठेवतात,
परत आणतात, कधी धार लावूनसुद्धा.
नूकहून तपासणीला बाई आल्या होत्या,
त्यांना मी हे बोलले नाही.

तिसऱ्या कपाटात भाल्याचं टोक होतं,
वॉलरसच्या दाताचं, करंगळीएवढं.
आता तिथं निळ्या पेनानं लिहिलेली चिठ्ठी:
'नेतोय. नारव्हाल गेले की आणतो. येरेमियास.'
एक अक्षर गाळलंय त्यानं.
शाळेपासून तेच गाळायचा.

नारव्हाल गेले.
समुद्र गोठला, सुटला,
सहा वेळा.
होडी सापडली होती, वल्ह्यांसकट,
आतून कोरडी.

बोटीवरची माणसं त्या कपाटापाशी रेंगाळतात,
वाचता येत नाही म्हणून जास्तच.
मंत्र आहे का, एकानं विचारलं.
मी म्हटलं, वस्तू वापरात आहे.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

उन्हाळ्यात इथं सूर्य मावळत नाही.
पडदा ओढला तरी फटीतून येतो
आणि शाई पिऊन टाकतो.
म्हणून दर एप्रिलात मी ती चिठ्ठी गिरवते.
वळण त्याचं, हात माझा.

यंदा त्याची पोर आली, बिबियाने,
दहावं लागलंय तिला.
म्हणाली, मी गिरवते.
मी कपाट उघडलं, पेन दिलं.
ओठांत जीभ धरून एकेक अक्षर करत
ती त्या गाळलेल्या जागेपाशी आली
आणि थांबली.
शाळेत हुशार आहे. कळलं तिला.
माझ्याकडे बघितलं तिनं.
मी हीटरकडे बघत राहिले.

जागा तिनं तशीच ठेवली.

मग दुसरा कागद मागितला.
खालच्या फळीवर हाडाचा चष्मा आहे,
बारीक चिरेचा, बर्फावरच्या उन्हासाठी.
मामाच्या स्लेजवर जायचं होतं तिला.
'नेतेय. शनिवारी आणते.'
सगळी अक्षरं जागच्या जागी.

आज सोमवार.
वारा उत्तरेचा आहे, थांबले असतील कुठंतरी.
किल्ली मी खिळ्याला लावून आलेय.