नाडीच्या बहाण्याने

सातुर्निनाबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
मनगट धर, घड्याळाकडे बघ,
आणि नाडी मोजू नकोस.
श्वास मोजतेय म्हटलं की माणूस श्वास घ्यायला लागतो,
पाहुण्यांसमोर ताठ बसलेल्या पोरासारखा.
म्हणून हाताने थोडं खोटं बोलायचं
आणि डोळा ठेवायचा छातीवर, जिथे शालीची लोकर वरखाली होते.
पूर्ण मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करशील
तर अर्धंच कळेल.

आमच्या खाणगावात हवा पातळ,
सावकाराघरच्या ताकासारखी.
चढ चढताना कुत्रीसुद्धा मध्येच बसतात.
सांताक्रूझच्या सपाटीवरून आलेला इंजिनियर
पहिल्या रात्री झोपेत श्वास चढवत नेई,
उतरवी,
आणि थांबे.
मी अनवाणी धावले होते.
बाई म्हणाल्या, झोपू दे. डोंगर त्याची ओळख करून घेतोय.
चार खाटा पलीकडे एमेतेरियाआजी,
पाय सुजलेले, हृदय थकलेलं.
तिचंही तसंच: चढ, उतार, थांबा.
तिथे मात्र बाईंनी खुर्ची ओढली
आणि सुईदोरा घेऊन रात्रभर बसल्या.

भिंतीवर तक्ता होता. बारा ते वीस, मोठ्या माणसांचे.
तक्त्याला वास नव्हता पण.
ओरुरोच्या रस्त्यावरचा बसचालक आणला,
श्वास खोल, घाईचा, लोहाराच्या भात्यासारखा न थकणारा,
आणि तोंडाला अति पिकलेल्या फळांचा दर्प.
प्यायलाय, लोक म्हणाले.
मीही तेच म्हणाले असते.
बाई वाकल्या, हुंगलं,
म्हणाल्या, साखर बघ. आत्ता.

रडणाऱ्या बाळाला मी आता भीत नाही.
रडायला दम लागतो.
भीते मी त्याला, जे दूध सोडून नुसतं बघतं,
नाकपुड्या फुललेल्या,
दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा,
आणि आई म्हणते, थोडी सर्दी आहे.

मग एलेउतेरियो आजोबा आले.
एकतीस वर्षं कथिल खणलेलं, छातीत दगडाचं पीठ.
सूप निववावं तसे ओठ आवळून हवा सोडायचे,
मानेच्या शिरा दोरखंडासारख्या.
मी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं.
अठ्ठावीस.
"पोरी," ते म्हणाले, "नाडी त्या बाजूला नसते."
मी करंगळीकडे बोटं टेकवून बसले होते!
ते हसले. त्या हसण्याला चार श्वास पडले.

"दिवा विझला की आम्हीही असंच मोजायचो,
बोगद्यात, न बोलता.
कुणाचा श्वास शिट्टी घालतो, कुणाचा ठेचाळतो,
अंधारात चेहरे त्याचेच असतात.
अकरा जण होतो. एकदा दहाच भरले.
माझ्या पायातलं बळ गेलं.
पुन्हा मोजले. पुन्हा दहा.
मग लक्षात आलं, गाढवा,
तू स्वतःला मोजलंच नाहीस."

ऑगस्टात त्यांच्या मुलीने त्यांना घरी नेलं.
त्यांनीच मागितलं होतं, सिलेंडर नको, खिडकी हवी.
बाई आणि मी रात्री जायचो.
शेवटच्या पहाटे मिनिटाला सहा,
गळ्यात ओली घरघर.
मुलगी घाबरली. बाईंनी त्यांना कुशीवर वळवलं
आणि म्हणाल्या, हा आवाज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त लागतोय.
मग जबडा हलायचा, छाती हलायची नाही.
बाई माझ्या कानाशी: हा श्वास नव्हे,
शरीराची सवय आहे.

मनगट माझ्या हातात होतं.
या वेळी बोटं अंगठ्याच्या बाजूला,
खरोखर नाडीवर,
आणि घड्याळ मी उलटं ठेवलं होतं.

नंतर कुणी बोललं नाही. दिवाही कुणी लावला नाही.
मी खोलीतले श्वास मोजले.
मुलीचा, हुंदक्यांनी तुटलेला.
बाईंचा, नाकातून, नेहमीचा.
दारातल्या जावयाचा, कोकाच्या पानांच्या वासाचा.
तीन.

पुन्हा मोजले.
चार.