पाठपोट

एरंडोलला झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे,
तिथे मी बडगुजर सरांचे शब्द स्कॅन करते.
पत्र्याचे अकरा डबे. दहा बिस्किटांचे, एक डालड्याचा.
एका कार्डाचे दोन रुपये. फक्त पुढची बाजू,
असं विद्यापीठाच्या पत्रात आहे.

कार्ड म्हणजे कार्ड नव्हेच ते.
बियाण्याच्या पावत्या, लग्नपत्रिकांचे अर्धे,
केळीच्या गाडीची बिल्टी, शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा.
पोटावर अहिराणी शब्द, निळ्या शाईत, नीट.
पाठीवर, तो ज्याच्या तोंडून पडला तो माणूस.
'धोंडू पिंजारी, विखरण. दाढ दुखत होती.'
'सोनीबाई, बाजारात, चिडून.'
'मीच. झोपेत. खात्री करावी.'

मी पाठही स्कॅन करते.
तिचे पैसे नाहीत. विजेचं बिल झेरॉक्सवाला भरतो,
त्याला अजून कळलेलं नाही.

'शे' म्हणजे आहे.
अख्खा तापीकाठ त्या एवढ्याशा क्रियापदावर उभा,
आणि मशीन त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढून विचारतं,
शेर? शेत? शेण?
दिवसातून दोनशे वेळा मी 'दुर्लक्ष करा' दाबते.
रात्री आई विचारते, भूक शे ना?
तर ताटाशेजारी माझं बोट आपसूक हलतं.

सर बुधवारी येतात. एका बोटाने टाइप करतात,
कोंबडी दाणा टिपते तसं.
शब्द पडद्यावर येतो तेव्हा खुर्चीतल्या खुर्चीत उडतात.
मला वाटलं होतं, वाईट वाटेल त्यांना.
तर म्हणाले, तीस वर्षं डब्यात हात घालून शिंकलो गं मी,
हे आधी का नाही आणलं कुणी?

मग त्यांना एक शब्द आठवेना.
जिनिंगमधून सुटलेल्या माणसाच्या भुवयांवर
रुईचं जे पांढरं बसतं, आणि तो घटकाभर म्हातारा दिसतो,
त्या पांढऱ्याला.
होता शब्द. लिहिला होता. कुठल्या तरी लाल पत्रिकेवर.
मशीनपुढे बसले. काय टाइप करणार?
शोधायला आधी शब्द लागतो.
अर्थ अजून भरलेले नाहीत,
ते पुढच्या टप्प्यात, पत्रात तसंच आहे.
आम्ही डबे उपडे केले.
लाल पत्रिका निघाल्या बावन्न,
नवरदेवांतले निम्मे आता आजोबा.
तो शब्द नव्हता. वाळवीने काही कोपरे
आधीच वाचून संपवले होते.

मी तो प्रश्न फोनवरून ग्रुपला टाकला. चूक की बरोबर, माहीत नाही.
पहाटे अडीचला उत्तर आलं, बोललेलं,
उधन्याहून, सुरतेच्या त्या टोकाचं.
यंत्रमागावर रात्रपाळीला कुणी भिला पारधी.
"सर, आम्हनाकडे अजून म्हणतस."
आणि नेमका तिथे शेजारचा माग सुरू झाला.
खटाखट खटाखट.
मग पुन्हा तो : "हाऊ तुमनाजोडे शे का?"

आम्ही तो आवाज नऊ वेळा ऐकला.
फोनला म्हटलं, तूच लिही.
फोनने लिहिलं : खटाखट कटकट कटाक्ष.
सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला,
आणि पुसताना बराच वेळ
ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

फोन लावला. लागला नाही. दिवसा तो झोपत असणार.

सरांनी माझ्या कुरियरच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला,
उलटा केला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठ आधी लिहिली.
'भिला पारधी, उधना. रात्रपाळी. माग चालू.
भुवया पांढऱ्या असणार.'

पोट कोरं.
मी ते काचेवर ठेवलं, झाकण लावलं.
उजेड सरकत गेला या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि नाव द्या म्हणून
चौकट उघडी राहिली.