फिटिंग

खाली उजवीकडे, सुळ्यामागून दुसरी.
बावीस वर्षं दोरा हिनेच तोडलाय.
कात्री असते ना, गळ्यात, नाडीला बांधलेली,
पण हात दोन्ही कापडात
आणि तोंड तेवढं मोकळं.

किडली, तेव्हा डॉक्टर गंगर म्हणाल्या, भरून टाकू.
बाराशे.
कुडाळकरबाईंच्या तीन ब्लाऊजांची आगाऊ रक्कम
अशी माझ्या तोंडात गेली.
सुन्न ओठ घेऊन जिना उतरले,
खाली डेअरीवाल्याला हसायला गेले
तर अर्धंच तोंड हसलं.

वाटलं, मिटलं.

तिसऱ्या रात्री माठातल्या पाण्याचा घोट घेतला
आणि कानापर्यंत एक सुई ओढली गेली,
गाठ न मारलेली, परत परत तीच.
लवंग ठेवली. मिठाच्या गुळण्या झाल्या.
समोरच्या फिलूने हिंग सांगितला, तोही.
नेहरूनगरच्या सगळ्या खिडक्या विझल्या
तरी माझी जीभ आपली तिथेच,
नवीन भाडेकरूचं दार ठोठावत.

यशवंत पाळीवरून आला पहाटे.
म्हणाला, भरलेली दाढ दुखते कशी?
जसं काही मीच दुखवतेय.
कौशलने फोनवर बघून आकडे वाचले:
रूट कॅनाल इतके, त्यावर कॅप, कॅपमध्ये तीन जाती,
पत्र्याची स्वस्त, पांढरी महाग,
आणि एक अशी, की तेवढ्यात नवं शिलाई मशीन येईल
मोटरसकट.
"आई, हप्त्यांवर पण होतं."
दाढ, हप्त्यांवर.
मी हसले नाही. हवा लागते.

नायरला जा, स्वस्तात होतं, फिलू म्हणाली.
होतं. पण पाच खेपा, म्हणजे पाच दिवस,
आणि लग्नसराई अगदी दारात.
तिथल्या बाकावर नंबराची वाट बघत
फॉल-बिडिंग तर करता येत नाही.
(येईल का? तेही डोक्यात येऊन गेलं.)

शेवटी पुन्हा गंगरबाईंकडेच.
रागाचं एक भाषण पाठ करून गेले होते,
खुर्ची मागे कलली आणि ते घशात उतरलं.
त्यांनी माझ्या दातांमध्ये निळा कागद धरला.
चावा. घासा. अजून एकदा.
मग हातात आरसा दिला:
दाढेवर निळा ठिपका,
अगदी माझा खडू उमटतो तसा
काखेत, जिथे घट्ट होतंय तिथे.

तेव्हा मला माझी भाषा सापडली.
म्हटलं, मॅडम, हे फिटिंगचं आहे.
आमच्याकडे ब्लाऊज घट्ट झाला
तर उसवून, सैल करून देतो.
त्याचे वेगळे पैसे घेत नाही कुणी.

त्या थांबल्या. मास्कमागे काय झालं दिसलं नाही.
ड्रिल फिरलं, केसभर.
पुन्हा कागद. पुन्हा केसभर.
"याचे नकोत," म्हणाल्या, "एक्स-रेचे तीनशे."
आणि मी दारात पोचल्यावर:
"पंधरा दिवस बघू. नस खोल दुखावली असेल
तर मग नुसतं घासून भागायचं नाही."

तीनशेची पावती
मी बटणांच्या डब्यात ठेवली.

आज नववा दिवस.
थंड लागतं, पण सुई आता अर्ध्यात थांबते.
की मीच डावीकडून जगायला शिकलेय, कळत नाही.
चणे आहेत, दात आहेत,
मधे हे उरलेले सहा दिवस आहेत.
कुडाळकरबाईंचा तिसरा ब्लाऊज हुकांवर आलाय.
दोरा सवयीने तोंडापाशी जातो,
ओठाला लागतो, ओला होतो,
आणि परत येतो.

कात्री शोधते.
गळ्यातच असते.