डोळा भरणे

पहिल्यांदा काढला तेव्हा नुसता खरवडला होता,
हडपसरच्या शिबिरात. वर चहा-बिस्कीट, आणि घरी.
दिवाळीपर्यंत वडस परत बुबुळाकडे निघाला,
बांधावरची हरळी वाफ्यात शिरते तसा,
आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा लाल.

या खेपेला लोणकर मॅडमना म्हणालो,
तीस वर्षं मांजरीत गुलाबाचे डोळे भरतोय,
वरवर खुरपून तण जात नाही, एवढं कळतं मला.
त्या म्हणाल्या, मग तुम्हाला सांगणं सोपं.
वरच्या पापणीखालून नखाएवढा पापुद्रा घ्यायचा,
उघड्या जागेवर बसवायचा.
टाका नाही. तुमचंच रक्त धरून ठेवेल.

म्हणजे कलमच की!
आमच्यात खुंट रानटी असतो, डोळा जातिवंत.
इथं दोन्ही मीच.

आता रेवतीनं, सुनेनं, कॅलेंडरवर थेंब मांडलेत.
दिवसाला सहा, मग चार, मग तीन.
बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचे नाहीत,
आणि मनानं वाढवायचेही नाहीत.
चोळायचं नाही.
हे सगळ्यात अवघड. झोपेत हात जातो,
म्हणून रात्री डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी.
भरलेल्या डोळ्याची पट्टी उचकटून
धरला का बघणाऱ्या नव्या पोरांवर
मी किती ओरडलोय, ते आठवतं अंधारात.

सोलापूर रोडची धूळ रोज रोपांच्या पानांवरून
पाइपनं धुतो. स्वतःच्या डोळ्याचं कधी सुचलं नाही.
आता काळा चष्मा, कडेनंही झाकणारा, आणि रुंद टोपी.
बबन टेम्पोवाला विचारतो, काय हिरो, शूटिंग कुठाय?
शेणखत उपसायचं यल्लप्पाकडे दिलंय.
ऊन मात्र कुणाकडे देता येत नाही.

खात्री देता का, विचारलं मॅडमना.
त्या म्हणाल्या, वर्षभर बघू.
बरोबर आहे. मीही गिऱ्हाइकाला तेवढंच म्हणतो.
कलम धरलं तरी खालून रानटी फुटवा येतो,
तो दिसेल तेव्हा मोडावा लागतो,
झाड आहे तोवर.

सकाळी टेम्पोच्या आरशात वाकून बघतो.
पांढरं आहे.
नाकाच्या बाजूला एक लाल रेघ,
कालचीच की नवी, कळत नाही.
शुक्रवारी दाखवायचंच आहे.
चष्मा चढवतो. शेवंतीच्या पिशव्या तहानल्यात.