साटंलोटं

भांडण मधावरून झालं, असं टॅकेट म्हणतात.
हद्दीवरचं पोकळ झाड, बुंधा इकडे, ढोली तिकडे.
ब्रॅशिअर म्हणतात, मध कसला,
कुऱ्हाड मागून नेली ती परत केली नाही.
काही का असेना. एकवीस वर्षांत
बेअरवॉलो ओढ्याच्या दोन्ही काठांवर मिळून
नऊ जण पुरले
आणि त्याच एकवीस वर्षांत
लग्नं लागली अकरा.

दुसरीकडे जाणार कुठे?
डोंगर असे खेटून, की दरीत ऊन पोचतं दहाला
आणि तीनला निघून जातं.
नजर जाईल तिथवर दोनच घरांचा धूर.
वयात आलेली पोर ज्या धुराकडे बघत बसायची
तो वैऱ्याचाच असायचा.

डायसी टॅकेट अशीच ओढा ओलांडून गेली
आणि त्याच दुपारी रॅन्सम ब्रॅशिअरची बहीण ल्युराना
त्याच दगडांवरून अलीकडे आली,
डायसीच्या भावाच्या घरात.
फिरता पाद्री वर्षातून दोनदा यायचा,
त्याला एका खेपेत दोन्ही उरकायची होती.
बंदुका खुराड्यात ठेवल्या, कोंबड्या रात्रभर बाहेर.
कुणीतरी फिडल वाजवलं,
पण पुरुष भिंतीला पाठ लावूनच उभे.

दोघी एकमेकींच्या नणंदा,
दोघी एकमेकींच्या भावजया.
कुणाला न सांगता त्यांनी एक रीत पाडली:
नवरा काडतुसं मोजायला बसला
की कुंपणावर तांबडा परकर वाळत घालायचा.
म्हणजे, आज तुझ्या माणसाला
ओढ्याच्या वाटेनं धाडू नकोस.
पाच वर्षं ते परकर
मळले नसताना धुतले गेले.
विटले, गुलाबी झाले,
मग लांबून कसल्याच रंगाचे दिसेनात.

फेब्रुवारीत ल्युरानाला कळा सुरू झाल्या.
एल्झी सुईण आणायला निघाला.
सुईण म्हणजे त्याची सासू, ओढ्यापलीकडची.
डायसीचा परकर त्या दिवशी कुंपणावर होता,
गोठून फळीसारखा ताठ.
पण कळा सोसणारी बाई
खिडकीशी उभी राहत नाही.

गोळी कुणी झाडली ते सगळ्यांना ठाऊक आहे
आणि कुणालाच नाही.
सुईण मात्र आली, बोलावणं न पोचता.
वाटेत जावयापाशी थांबली,
त्याचे डोळे मिटले, बर्फानं हात चोळले
आणि पुढे जाऊन नातवाला बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी पेटी उचलायला चौघं हवे होते.
टॅकेटांकडे जाणते पुरुष उरले होते तीन.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग रॅन्सम ओढा ओलांडून आला, रिकाम्या हातांनी,
आणि डाव्या पायाकडची बाजू खांद्यावर घेतली.
डायसीनं त्याचे बूट पाहिले.
रात्रीतूनच पुसलेले. फार स्वच्छ.
चढावर तो एकदा घसरला.
बाकीचे तिघे थांबले.

मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा
आजीला विचारू लागला, बापाला कुणी मारलं?
त्यांच्या बोलीत काका, मामा, आतोबा,
सगळ्यांना मिळून एकच शब्द.
आजी तेवढा शब्द उच्चारायची
आणि मक्याची कणसं सोलत राहायची.
आपण निदान विचारलं असतं, कुठला?
आणि उत्तर आलं असतं, मामाही तोच, आतोबाही तोच,
मग पुढे काय विचारायचं ते आपल्यालाही सुचलं नसतं.

शनिवारी पोरगं पलीकडे जायचं.
रॅन्सम त्याला शिकवायचा
ढोलीपाशी धूर कसा धरायचा,
माश्या चिडल्या तर हलायचं कसं नाही.
संध्याकाळी ते चिकट हातांनी परत यायचं.
ल्युराना त्याला मनगटाला धरून ओढ्यावर न्यायची
आणि धूत बसायची,
हात स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ.