पदरचं वाक्य

कुताइसीत, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी संध्याकाळी
ओतिया सर आम्हाला परक्या भाषेतले सिनेमे शिकवतात.
शिकवतात म्हणजे काय, चित्र थांबवतात
आणि विचारतात :
या घरात मीठ कुणाच्या हाताशी ठेवलंय?

आम्ही बघतो. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं घर,
टेबलावर खारवलेला मासा, बाप, दोन मुलगे.
मीठ बापाच्या हाताशी.
आई उभी.
ती बसते कधी?
औषधाच्या दुकानातून थेट वर्गात येणारी नुत्सा
वहीत बघून सांगते, एकदाच.
टपाल येतं तेव्हा.

एवढ्यावर तास जातो.
मालखाज म्हणतो, ही गरिबी. एलिसो म्हणते, हा धर्म.
मागून कुणीतरी म्हणतं, आमच्याकडे कुठे बसते?
आणि वर्ग गप्प होतो,
दुसऱ्याच्या खिडकीत डोकावताना
काचेत आपलंच नाक दिसावं तसा.

हाच सिनेमा शहाण्णव साली इथे लागला होता.
वीज नसायची. जनरेटरला तेल मिळालं की खेळ,
आणि पडद्याशेजारी मायक्रोफोन धरून एकटे ओतिया :
बाप तेच, पोरगी तेच, पाद्री तेच,
कुत्र्यावर खेकसणारी म्हातारीही तेच,
सगळं एका सपाट आवाजात, इस्त्री फिरवल्यासारखं.
पोर्तुगीज त्यांनी अंगोलात उचललेली, फौजेचे दुभाषी असताना.
म्हणून माझ्याकडे दारूगोळ्याचे शब्द फार
आणि मायेचे कमी, असं ते अजून सांगतात.

शेवटचा प्रसंग. बसच्या पायरीवर पोरगी.
खाली सबटायटल उमटतं :
मी परत यायची नाही. वाट बघू नका.

नुत्सा उठून उभी राहते.
हे वाक्य असं नव्हतं, सर.
द्राक्षं उतरायच्या आत येते, असं होतं.
माझी आई याच खेळाला होती. पुढच्या महिन्यात
ग्रीसला म्हातारी माणसं सांभाळायला निघाली, तेव्हा
बसच्या पायरीवरून मला तिने तेच ऐकवलं, शब्दाला शब्द.
मी पाच वर्षांची. पुढे एकोणीस सुग्या मोजल्या.
आणि या सिनेमात, मी तीनदा पाहिलाय,
द्राक्षाचा एक वेल नाही.
नुसती वाळू आणि मासे.

सरांनी दिवा लावला नाही.
अंधारातच म्हणाले,
खाली दहा-बारा जणी पासपोर्ट झालेल्या बसल्या होत्या.
मला नावानिशी ठाऊक.
माझ्या तोंडून ते निघेना.
पदरचं घातलं.

मालखाजने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.
समाजाचा आरसा, असं आम्ही पहिल्या तासाला लिहून घेतलं होतं,
आरशासमोर कोण बसलंय हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

पुन्हा लावा, नुत्सा म्हणाली. आवाज बंद करून.

बस आली. पोरगी पायरीवर चढली.
आणि नुत्सा बोलली, आमच्या भाषेत, सपाट,
ओतिया बोलायचे तशी :
मी परत यायची नाही. वाट बघू नका.
एलिसोने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग बस निघते आणि धुळीत उभा बाप काहीतरी पुटपुटतो.
त्याच्याखाली सबटायटल नाही.
आम्ही सगळे सरांकडे बघतो.

आवाज चालू केला तरी ऐकू येत नाही ते, सर म्हणाले.
तेव्हाही येत नव्हतं.

मग तेव्हा काय सांगितलंत?

सर चष्मा पुसत राहिले,
एकच काच,
बराच वेळ.