सूट

रात्री अकराला वडगावातले माग थांबतात
आणि मग लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो.
मी पहिली रेघ ओढतो.
दोन हजार दोनशे पन्नास,
पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत.
रेघ निळी आहे.
निळी म्हणजे अजून ठरलेली नाही, ओढली तर सरकेल.
तिचं टोक बांधायचं, कोन सांगायचा,
कुणाला समांतर जायचं ते सांगायचं.
मग ती काळी होते
नि पुन्हा कुणाचं ऐकत नाही.

दिवसा उद्यमबागेत मी दुसऱ्यांचे भाग काढतो.
पंपाची झाकणं, व्हॉल्व्हची पोटं.
ती जिथं बसतात ती यंत्रं मी पाहिलेली नाहीत.
ही गाडी माझी.
इंजिन आहे, तीन सिलिंडरचं,
खानापूरच्या एका डॉक्टरांच्या जुन्या मारुतीतलं,
पोत्यात गुंडाळून जिन्याखाली.
बाकी सगळं अजून
या चौदा इंची उजेडात.

पाइप पंचवीस बाय पंचवीस, जाडी दोन.
नुसता चौकोन केला आणि कोपऱ्यावर भार टाकला
की तो कलतो,
बाजारात कुणी ओळखीचं दिसल्यासारखा.
एक तिरका पाइप घातला की गप उभा.
जिथं दुखतं तिथं पडदा लाल होतो,
आणि दुखणं शंभरपट वाढवून दाखवतो,
आमच्या आत्यासारखं.

सीटवर बसवायला सॉफ्टवेअरनं एक माणूस दिलाय.
टकला, बिनचेहऱ्याचा, एकशे पंचाहत्तर सेंटीमीटर.
सुजातानं मागून बघितलं. "हा कोण? आणि मी कुठं?"
प्लास्टिकच्या स्टुलावर बसली,
ब्लाऊजच्या टेपनं स्वतःचा गुडघा मोजला,
आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहिला.
आडवा पाइप चाळीस मिलिमीटर खाली घेतला
तर अर्धी फाईल चुकांनी भरली.
रात्र गेली त्यात.

बाबा अडतीस वर्षं फौंड्रीत पॅटर्नमेकर.
त्यांच्या पेटीत एक खोटी पट्टी आहे.
तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
किती आकसणार ते त्या पट्टीला आधीच ठाऊक.
पडद्याशी नाक नेऊन त्यांनी गाडी बघितली,
मी गोल फिरवून दाखवली, वरून, पोटाखालून.
"झकास हाय. खरं, ह्यात सूट कुठं ठेवलीस?"
मी म्हटलं, ओतायचं नाही बाबा, कापून जोडायचं.
काही बोलले नाहीत.
चष्मा डबीत घातला.

तिसऱ्या गेटजवळ गुरुसिद्धाप्पाचं शेड.
तो माझ्याशी मराठी बोलतो, रॉडशी कन्नड,
आकडे जे तोंडात येतील ते.
आधी टाके, मग पूर्ण शिवण.
संध्याकाळी कर्ण मोजले,
एक दुसऱ्यापेक्षा सहा मिलिमीटर मोठा.
फाईलमध्ये दोन्ही सारखे होते,
दशांशचिन्हानंतर आठ घरांपर्यंत सारखे.
"एळितद री," तो म्हणाला, हेल्मेट वर करत.
ओढतंच ते.

सकाळी मी पोचलो तर बाबा आधीच तिथं,
पेटी घेऊन.
दोघांनी साखळी बांधली होती,
उलट्या बाजूला ज्योत,
मधे मधे हातोडी, मधे मधे चहा.
बाबांचं कन्नड फौंड्रीपुरतं:
तापव, थांब, सावकाश.
तेवढं पुरलं.
चार मिलिमीटर परत आले.
"दोन राहू देत," बाबा म्हणाले, "निवू दे आता."

मी फाईल उघडून ते दोन आत घालायला गेलो.
सगळ्या काळ्या रेघा निळ्या झाल्या.
तशाच ठेवल्या.

आता सांगाडा शेडबाहेर विटांवर आहे.
त्यात दोरीनं बांधलेली खुर्ची,
खुर्चीत सुजाता, गुडघे नीट बसलेत,
हातात स्टिअरिंग नाही तरी हात तसेच.
गुरुसिद्धाप्पाचा धाकटा दोन फेऱ्या मारून आला,
वाकून पाइपातून आरपार बघितलं,
मग विचारलं, "हॉर्न कुठं?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघतो.
अकरा महिने, चारशे बारा भाग,
आणि हॉर्न
काढायचाच राहिला.